जीना हाऊस: दाव्यांपलीकडची वास्तू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला मलबार हिलवरील जीना हाऊसविषयीचा लेख वाचला. मालकी कोणाची, वारस कोण आणि ताबा सरकारच्या कोणत्या खात्याकडे यावर संपूर्ण पान खर्ची पडले, आणि वास्तुरचनाकार क्लॉड बॅटली यांच्या वाट्याला जेमतेम अर्धे वाक्य आले, याचे मनापासून वाईट वाटले.

जुना बंगला पाडून १९३६ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या या घरातला इटालियन संगमरवर आणि अक्रोडाचे लाकूडकाम ‘श्रीमंती थाट’ म्हणून निकालात काढण्यासारखे नाही. आपल्या हवेला आणि राहणीला साजेसे बांधा, असे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतल्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना सांगणाऱ्या बॅटलींनी एवढे युरोपीय वळणाचे घर का काढले, घर बांधून घेणाऱ्या जीनांच्या आवडीपुढे ते कुठे नमले आणि कुठे अडून राहिले, हे आत जाऊन मोजमापे घेतल्याखेरीज कळायचे नाही.

आणि नेमके तेच करू दिले जात नाही. वास्तुकलेचा विद्यार्थी असताना मी या घरासमोरच्या भाऊसाहेब हिरे मार्गाच्या पदपथावर उभा राहून, झाडांतून दिसतील तेवढ्या टोकदार कमानी कागदावर उतरवत होतो. पहारेकऱ्याने तो कागद काढून घेतला. कमानीचा एक खांबही पुरा झाला नव्हता. पुढे रीतसर परवानगीचा अर्ज केला, त्याची पोचसुद्धा आली नाही. ज्या शिक्षकाने विद्यार्थ्यांना जुन्या वास्तू मोजून त्यांचे आराखडे काढायला शिकवले, त्याच्याच कामाला फूटपट्टी लावायची बंदी असावी, हा सल आजही जात नाही.

लेखासोबतच्या चौकटीत गांधी-जीना वाटाघाटी ‘एका भेटीत फिसकटल्या’ असे छापले आहे. त्या ९ ते २७ सप्टेंबर १९४४ या काळात चालल्या होत्या आणि गांधीजी त्यासाठी जवळच्याच बिर्ला हाऊसमधून या घरी येत असत. एवढी तारीख तरी पडताळायला हवी होती.

परदेशी पाहुण्यांच्या सरकारी भेटीगाठी जिथे होतात त्या दिल्लीच्या हैदराबाद हाऊसच्या धर्तीवर या घराचा वापर करण्याची भाषा २०१८ पासून ऐकू येते. तसे व्हायचे असेल तर गवंडी आत शिरण्यापूर्वी प्रत्येक मजल्याचे, जिन्याचे, दरवाजा-खिडकीचे मोजमाप वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे आणि ते आराखडे सर्वांना पाहायला मिळावेत. आपल्या वृत्तपत्राने ही मागणी लावून धरावी, आणि चौकटीतली चूक येत्या रविवारी दुरुस्त करावी, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक, दादर