शनिवारच्या तपासणीबद्दल आई-बाबांना

नेरूळ,
रविवार, रात्र

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आज संध्याकाळी ठाण्याहून निघाले तेव्हा गाडीत खिडकीजवळची जागा मिळाली, पण नेरूळ येईपर्यंत माझे बाहेर लक्षच नव्हते. बाबांच्या बुटातून निघालेले ते सुपारीचे खांड डोळ्यांसमोरून हलत नव्हते. समोर बसून बोलले असते तर बाबा, तुम्ही तिसऱ्या वाक्याला वर्तमानपत्र उचलले असते आणि आई, तू "बरं, बघू" म्हणत चहा टाकायला उठली असतीस. म्हणून हे लिहीत आहे. पत्र तुम्ही दोघेही शेवटपर्यंत वाचता, हे मला होस्टेलच्या दिवसांपासून ठाऊक आहे.

आधी सांगून टाकते. येत्या शनिवारी सकाळी साडेदहा वाजता तुम्हा दोघांच्या नावाने पाय तपासण्याची वेळ घेतली आहे आणि पैसेही भरले आहेत. न विचारता ठरवले हे खरे आहे, आणि त्याचे मला वाईटही वाटते आहे. पण विचारले असते तर पावसाळा संपू दे, मग गणपती होऊ देत, मग दिवाळी, असे करत आपण कुठे पोहोचतो ते दादाकाकांच्या वेळी आपण पाहिले आहे, त्याबद्दल अधिक लिहीत नाही. ठिकाण ठाण्यातच निवडले, म्हणजे गाडीचा प्रवास नाही. इमारतीला लिफ्ट आहे, बसायला पाठ टेकता येईल अशा खुर्च्या आहेत, हे मी स्वतः जाऊन पाहून आले. रिक्षा थेट दारापर्यंत जाते. एक वाजेपर्यंत आपण घरी असू, त्यामुळे बाबांचे जेवण आणि दुपारची झोप दोन्ही वेळेवर होतील.

बाबा, आता तुमच्याशी बोलते. तलावपाळीला फेरी मारून, गोखले रोडवरून भाजी घेऊन तुम्ही घरी आलात. बूट काढलात तेव्हा आतून सुपारीचे खांड पडले आणि तळव्यावर त्याच्याच आकाराचा लाल वळ आणि पाण्याने भरलेला फोड होता. मी घाबरले, तर तुम्ही हसून म्हणालात, "अगं, मला काही दुखत नाही." घरी आलेल्या प्रत्येकाला तुम्ही हे कौतुकाने सांगता, पण मला भीती वाटते ती नेमकी त्याच वाक्याची. तासभर सुपारीवर चालून ज्याला कळत नाही, त्याच्या पायाची राखण करणारी वेदनाच निघून गेलेली असते. मधुमेहात वर्षानुवर्षे रक्तातली साखर वाढलेली राहिली की सर्वांत लांबच्या नसा आधी क्षीण होतात, आणि शरीरात सर्वांत लांबच्या नसा पायांकडे जातात. कधी आधी मुंग्या येतात, कधी रात्री तळवे जळतात, आणि कधी काहीच न जाणवता बधिरता येते.

तुम्ही शिक्षक, पुराव्याशिवाय काही मानत नाही, म्हणून एक गोष्ट सांगते. डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये आले आणि पुढे अनेक वर्षे कुष्ठरुग्णांवर उपचार करत राहिले. रोगाने मांस आपोआप झडते असा तेव्हा समज होता. रुग्णांना दुखत नसल्यामुळे ते खिळ्यावर, निखाऱ्यावर, चावणाऱ्या चपलेवर तसेच चालत राहतात, जखमेवर पुन्हा पुन्हा भार पडतो आणि पाय त्यामुळे जातो, हे त्यांनी दाखवून दिले. बधिर पायांसाठी मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या चपला आपल्या देशातल्या याच कामातून पुढे आल्या, आणि मधुमेहींच्या पायांची काळजी घेतानाही हाच विचार आज वापरला जातो. दुखणे ही देणगी आहे असे ते म्हणत असत. तुमची ती देणगी थोडी कमी झाली असेल, तर तिची जागा डोळ्यांनी घ्यायची, एवढेच मी मागते आहे.

शनिवारी काय होईल तेही सांगते, म्हणजे आदल्या रात्री झोप मोडणार नाही. यात सुई नाही. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा एक बारीक धागा तळव्यावर ठिकठिकाणी टेकवतील आणि डोळे मिटून, कळले की "हो" म्हणायचे. शाळेच्या प्रयोगशाळेत होता तसा नादकाटा अंगठ्याच्या हाडावर ठेवून कंप जाणवतो का ते पाहतील. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब घेऊन त्यांचे गुणोत्तर काढतील. ते ०.९ किंवा त्याहून कमी आले तर पायाकडचा रक्तपुरवठा कमी आहे असे समजतात. मात्र मधुमेहात रोहिण्या कडक झाल्या असतील तर हा आकडा फसवाही निघतो, म्हणून नाडीही हाताने चाचपतात. ही तपासणी मधुमेह असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी करून घ्यायची असते, संवेदना कमी असेल तर त्याहून लवकर. इतक्या वर्षांत ती आपण एकदाही केली नाही, आणि हा दोष तुमच्याइतकाच माझाही आहे. दर तीन महिन्यांनी साखरेचा आकडा विचारत राहिले, पण मोजे काढा असे कधी म्हटले नाही.

केवळ पायांचेच शास्त्र शिकलेले, पोडियाट्रिस्ट म्हणवणारे तज्ज्ञ आपल्याकडे थोडेच आहेत. म्हणून मी मधुमेहतज्ज्ञांच्या देखरेखीखाली चालणारा पायांचा दवाखाना निवडला. रक्तपुरवठ्याचा प्रश्न निघाला तर तेच रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदाकडे पाठवतील. उगाच दहा दारे फिरावे लागणार नाही.

आणखी एक कबुली. कागदात गुंडाळलेले तुमचे ते ब्लेड आणि भोवरीवर लावायच्या औषधी पट्ट्या मी पर्समध्ये घालून आणल्या आहेत. रागावू नका. त्या पट्ट्यांमध्ये सॅलिसिलिक आम्ल असते. त्याला भोवरी आणि चांगली कातडी यांतला फरक कळत नाही, आणि बधिर पायावर त्याने भाजल्यासारखी जखम होते. भोवरी मुळात होते ती बूट सतत एकाच जागी दाबतो म्हणून. वरचे कापत राहिले आणि बूट तोच राहिला तर ती परत येणारच. ती तासायचीच असेल तर दवाखान्यात, निर्जंतुक हत्याराने तासतील.

नखुर्डे टाळायचे तर नखे सरळ आडवी कापायची, कोपरे खोदायचे नाहीत. डाव्या अंगठ्याचे नख जाड आणि पिवळे झाले आहे, ती बहुधा बुरशी असावी. पायाचे नख पूर्ण नवे यायला वर्ष-दीड वर्ष लागते, त्यामुळे तिथे घाई नाही. बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्यांची मात्र घाई आहे. बाहेरून आल्यावर पाय धुऊन जुन्या मऊ पंच्याने प्रत्येक बेचके टिपून कोरडे करायचे, आणि तिथे तेल किंवा मलम थापायचे नाही. बुरशीचे औषध डॉक्टर देतील तेच लावायचे. फुटलेल्या चिखल्यांतूनच जंतू आत शिरतात.

आई, तुझे नेमके उलटे आहे. तुला दुखते आणि तू सांगत नाहीस. सकाळी पलंगावरून उतरल्यावर भिंतीला हात लावून पहिली चार पावले टाकतेस, ते मी पाहिले आहे. तळव्याखाली टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो, तो टाचेपाशी दुखावला की रात्रभराच्या विश्रांतीनंतरची पहिली पावले अशीच टोचतात. टाचेचे हाड वाढले आहे, आता शस्त्रक्रियाच, असे शेजारी सांगतात म्हणून तू गप्प आहेस ना? तसे हाड अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी लोकांनाही असते, आणि हे दुखणे बहुतेकांचे शस्त्रक्रियेशिवाय बरे होते. वेळ मात्र लागतो, कधी काही महिने, कधी वर्ष. उठण्यापूर्वी पलंगावरच पाय लांब करून, पंचा चवड्याभोवती अडकवून तो हळूच आपल्याकडे ओढायचा, अर्धा मिनिट धरायचा, असे तीन-चार वेळा करायचे. पाण्याची छोटी बाटली गोठवून, कापडात गुंडाळून तळव्याखाली फिरवायची. (हे तुझ्यासाठी आहे, बाबांसाठी नाही. त्यांच्या पायाला गार आणि गरम दोन्ही धोक्याचे आहे.)

आणि लादीवर अनवाणी तासन्‌तास ओट्यापाशी उभे राहणे बंद. स्वयंपाकघरात चपला चालत नाहीत, देव तिथेच आहेत, हे मला माहीत आहे आणि तुझा नियम मी मोडणार नाही. फक्त घरातच वापरायच्या, उंबऱ्याबाहेर कधीही न जाणाऱ्या मऊ चपला आणते. देवघरासमोर त्या काढून ठेव. त्याही नको असतील तर ओट्यापुढे जाड रबरी चटई घालू.

टाचांच्या भेगांवर कोकमतेल लावतेस ते खुशाल लाव, कातडी मऊ राहते. पण ते कढत करून भेगेत सोडायचे नाही, आणि भेगेतून रक्त येऊ लागले तर दाखवायचे. डॉक्टर युरियाचे मलम देतील, ते जाड कातडीवर चांगले लागू पडते. संध्याकाळी दोन्ही पायांवर सूज येते असे तू ओझरते म्हणालीस. रक्तदाबाच्या अम्लोडिपिनसारख्या गोळ्यांनीही सूज येते, आणि हृदय किंवा मूत्रपिंडामुळेही येऊ शकते, म्हणून गोळ्यांचे पाकीट सोबत घे. गोळी आपल्या मनाने बंद करू नकोस. एकाच पायाला अचानक सूज येऊन पोटरी दुखली तर मात्र शनिवारची वाट पाहायची नाही, आणि दम लागला तर रात्र असो की पहाट, थेट रुग्णालयात जायचे.

लिहिताना तुझी काशाची वाटी आठवली. परीक्षेच्या दिवसांत मी झोपल्यावर तू तूप लावून माझे तळवे घासायचीस, आणि मी जागी असूनही डोळे मिटून पडून राहायचे, तू थांबू नयेस म्हणून. बाबा, उपवनच्या सहलीत माझ्या पायात काटा मोडला तेव्हा तुम्ही पाय मांडीवर घेऊन, सुई काडीवर तापवून, गोष्ट सांगत सांगत तो काढला होता. जूनमध्ये शाळेचे बूट घेताना पुढून अंगठा दाबून "एक बोट जागा हवी" असे दुकानदाराला बजावणारे तुम्हीच. आणि स्वतः मात्र तोच आवळ बूट किती वर्षे घालता आहात? शनिवारनंतर संध्याकाळी नवे घेऊ. दिवसअखेर पाय किंचित फुगलेले असतात, तेव्हाचेच माप खरे. अंगठा या वेळी मी दाबून पाहीन.

आता काही गोष्टी निक्षून सांगते. बाबा, बूट घालण्यापूर्वी आतून हात फिरवायचा, रोज. मोजे पांढरे किंवा फिकट रंगाचे, म्हणजे रक्ताचा डाग लगेच दिसतो. रात्री आईने तुमचे तळवे चष्मा लावून पाहायचे आणि तुम्ही तिला पाहू द्यायचे. थंडीत गरम पाण्याची पिशवी पायांशी घ्यायची नाही, अंघोळीचे पाणी आधी कोपराने पाहायचे. कौपिनेश्वराला जाऊ नका असे मी म्हणणार नाही, पण मे महिन्यात प्रदक्षिणा पहाटे, लादी तापण्यापूर्वी. अंगारकीला अनवाणी टिटवाळा मात्र नाही. बाप्पा तुमची अडचण जाणतो, चांगले बूट घालून गाडीने जाऊ आणि मीही येईन.

पावसात पाणी साचले तर त्यातून चालायचे नाही. २६ जुलै २००५ ला तुम्ही कळव्याहून कसे आलात ते आठवते, पण तेव्हाचे पाय वेगळे होते. नाइलाजाने चालावे लागलेच तर साबणाने पाय धुवा आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरांना सांगा. त्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा जंतूंचा ताप होतो, आणि पायाला ओरखडा असेल तर धोका वाढतो. गरज वाटल्यास ते प्रतिबंधक गोळी देतात.

आजच्या फोडासाठी: तो फोडू नका. स्वच्छ कोरडी पट्टी बांधली आहे, ती रोज बदला, आणि ते बूट न घालता घरातच थांबा. उद्या सकाळी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवून घ्या, मी त्यांना फोन केला आहे. भोवती लाली पसरली, पाय गरम लागला, वास आला, ताप आला किंवा कातडी काळसर दिसली, तर क्षणभरही न थांबता मला फोन करून रुग्णालयात निघा. जखम नसतानाही एकच पाय लाल, गरम आणि सुजलेला वाटला तरी तसेच, कारण बधिर पायातली हाडे न दुखता मोडू शकतात. तुम्हाला घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. फोड लहान आहे, वेळेवर दिसला आहे आणि नीट बरा होईल असे मला मनापासून वाटते.

शनिवारी मी नऊपर्यंत पोहोचते. आई, त्या दिवशी पायांना तेल लावू नकोस. बाबांची सगळी औषधे, जुने रिपोर्ट आणि तुम्हा दोघांच्या रोजच्या चपला-बूट एका पिशवीत भरून ठेव, झीज कुठे आहे ते पाहून त्यांना चाल कळते. बाबा, तपासणी म्हणून उपाशी निघू नका. सकाळची गोळी आणि नाश्ता नेहमीच्या वेळी झालाच पाहिजे. आई, पोह्यांसाठी ओट्यापाशी उभी राहू नकोस, शुक्रवारी रात्री करून ठेवलेली थालीपिठे मी डब्यात घेऊन येते.

तुमची,
मनू