ल मांची चोवीस तासांची शर्यत

नाशिक
रविवार, सकाळी

प्रिय श्रीकांत,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. एकाच रस्त्यावर दिवसभर गाड्या फिरवत ठेवण्यात पाहण्यासारखे काय आहे, असे तू विचारले आहेस. फोनवर हे नीट सांगता आले नसते, म्हणून सविस्तर लिहितो.

फ्रान्समधील ल मां शहरालगत ही शर्यत १९२३ साली सुरू झाली. बहुतेक शर्यतींत अंतर ठरलेले असते आणि ते आधी कोण कापतो हे पाहिले जाते. येथे वेळ ठरलेली आहे. चोवीस तासांत जी गाडी सर्वांत जास्त अंतर कापेल ती विजयी. २०२३ च्या शताब्दी शर्यतीत विजेत्या फेरारीने ३४२ फेऱ्या मारल्या, म्हणजे ४,६०० किलोमीटरहून अधिक. श्रीनगरहून रस्त्याने कन्याकुमारी गाठूनही हे अंतर उरेल. एक फेरी १३.६२६ किलोमीटरची असते आणि तिचा मोठा भाग एरवी रोजच्या वाहतुकीचा रस्ता आहे. त्यातील सुमारे सहा किलोमीटरच्या सरळ पट्ट्यावर वेग इतका वाढला होता की १९९० मध्ये तेथे मुद्दाम दोन ठिकाणी वळणे घालावी लागली.

एका गाडीला तीन चालक असतात. कोणालाही सहा तासांच्या अवधीत चार तासांहून जास्त आणि एकूण चौदा तासांहून जास्त गाडी चालवता येत नाही. सर्वांत वेगवान गाड्याही साधारण पाऊण तासाने इंधनासाठी पिटमध्ये, म्हणजे रस्त्यालगतच्या आपल्या संघाच्या थांब्यावर, येतात, आणि खरी चुरस तेथेच असते. टायर बदलायचे की तेच आणखी एक टप्पा चालवायचे, पाऊस येईलसे वाटले तर थांबायचे की नाही, या एकेका निर्णयात मिनिट हातचे जाते. फेरी जेमतेम साडेतीन मिनिटांची असल्यामुळे मिनिटाची ही तूट रस्त्यावर भरून काढायला अनेक फेऱ्या खर्ची पडतात.

मला सर्वांत अवघड वाटते ती मात्र रात्र. जूनमध्ये तेथे सूर्य दहाच्या सुमारास मावळतो. सध्या हायपरकार (सर्वांत वेगवान), एलएमपी२ (त्याखालच्या) आणि एलएमजीटी३ (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्यांवरून बेतलेल्या, सर्वांत संथ) अशा तीन वर्गांतील सुमारे साठ गाड्या एकाच वेळी धावतात. पहिल्या वर्गाच्या चालकाला रात्रभर संथ गाड्यांच्या बाजूने वाट काढत जावे लागते, तर संथ गाडीतल्या माणसाला आरशात झपाट्याने मोठे होत जाणारे दिवे पाहूनही आपली रेषा सोडता येत नाही. एलएमजीटी३ वर्गात प्रत्येक गाडीत एक हौशी चालक असलाच पाहिजे असा नियम आहे. चरितार्थासाठी दुसरेच काही करणारा माणूस त्या अंधारात जगातल्या उत्तम चालकांबरोबर धावतो, हे मला फार मोलाचे वाटते. आपल्याकडचा शर्यतचालक करुण चांडोक २०१२ मध्ये तेथे धावला आणि त्याची गाडी सहावी आली, हे तुला ठाऊक नसेल.

आता २०१६ ची गोष्ट, जिच्यामुळे मी या शर्यतीत कायमचा गुंतलो. टोयोटाने तोवर ही शर्यत एकदाही जिंकलेली नव्हती. त्या वर्षी त्यांची पाच क्रमांकाची गाडी आघाडीवर होती आणि काझुकी नाकाजिमा ती चालवत होता. शेवटच्या काही मिनिटांत गाडीची शक्तीच गेली आणि ती सुरुवातीच्या रेषेपुढे थांबली. मागून आलेली पोर्शे जिंकली. नाकाजिमाने गाडी कशीबशी पुन्हा चालवून ती फेरी पुरी केली, पण शेवटची फेरी सहा मिनिटांत संपवण्याच्या अटीत ती बसली नाही, त्यामुळे जवळजवळ चोवीस तास धावलेल्या त्या गाडीला निकालपत्रात क्रमांकच मिळाला नाही. पुढे २०१८ मध्ये टोयोटा जिंकली, तेव्हा विजयी गाडीच्या तिघांत नाकाजिमा होता.

येत्या जूनमध्ये शर्यतीच्या शनिवारी तू इकडेच ये. तेथील दुपारचे चार म्हणजे आपल्याकडचे संध्याकाळचे साडेसात. जेवण लवकर उरकू आणि रात्रभर जागू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव