बाटलीचा तळ पाहा, झाकण उघडा

शाळा सुरू होताना मुलांसाठी पाण्याच्या बाटल्या घेतल्या जातात. चित्र पाहण्याआधी तळ पाहावा. स्टीलवर ‘३०४’ किंवा ‘१८/८’ (१८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल) हवे. स्वस्तातल्या २०२ दर्जाच्या स्टीलमध्ये निकेल कमी असते, ते लवकर गंजते. प्लास्टिकच घ्यायचे तर त्रिकोणात ५ आकडा असलेले, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. विकतच्या पाण्याची बाटली (आकडा १) पुन्हा पुन्हा भरू नये. गरम पाणी तर मुळीच नको. तांब्याच्या बाटलीत सरबत किंवा ताक घालू नये, आंबटाने तांबे उतरते आणि पोट बिघडते.

खरी घाण साठते झाकणात. सिलिकॉनच्या रिंगखाली ओल राहते, काळी बुरशी धरते. नुसते विसळून ती जात नाही. आठवड्यातून एकदा रिंग काढावी, कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून अर्धा तास भिजवावी, घासून पूर्ण वाळल्यावरच बसवावी. स्ट्रॉ असेल तर बारीक ब्रश हवाच.

उत्पादकांनी सुट्या रिंग आणि झाकणे दुकानांत ठेवावीत. एवढ्याशा रिंगपायी धडधाकट स्टीलची बाटली भंगारात जाते, हे थांबलेच पाहिजे.

– एक वाचक, पुणे