डिस्क विकण्याआधी विचारपूस करणाऱ्या दादांना

दादा,

सप्रेम नमस्कार.

पत्रात तुमचं नाव घालू का, असं विचारलं तर तुम्ही हात जोडलेत, म्हणून घालत नाही. लातूरातल्या ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच. मला आभार चारचौघांत मानायचे आहेत. डिस्क घेताना बॅकअपबद्दल, म्हणजे जादा प्रती जपून ठेवण्याबद्दल, तुम्ही जे सांगितलंत ते घरात जुने फोटो, आईवडिलांचे आवाज, जमिनीचे कागद कॉम्प्युटरवर ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचं आहे.

माझ्या कॉम्प्युटरवर जे आहे ते माझं एकटीचं नाही. किल्लारी, सास्तूर या पट्ट्यातल्या कुटुंबांनी भूकंपाआधीचे फोटो मला स्कॅन करायला दिले. म्हाताऱ्या बायांनी जात्यावरच्या ओव्या म्हणून दाखवल्या, त्यातल्या काही जणी आता नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादची ५२ गावं आडवी झाली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद झोपलेल्या माणसांवर आलं, तिथे फोटोंची काय कथा. एका हळदीच्या फोटोत नवरीच्या मागे भिंतीतली देवळी दिसते, देवळीत काच तडकलेला कंदील. ते घर, ती गल्ली, ते गावठाण काहीच आता तिथे नाही. एवढं एक चित्र राहिलं, आणि तेही लेकीच्या सासरी एक प्रत गेली होती म्हणून.

हे सगळं तुम्ही दुकानात गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना ऐकून घेतलंत. मी आले होते ‘विश्वासाची, चांगल्या कंपनीची एक डिस्क द्या’ म्हणून. समोरच्या फळीवरची महागातली डिस्क काढून दिली असती तरी मी आनंदाने पैसे मोजले असते. तुम्ही उलट मलाच विचारत बसलात. माल किती आहे? यातलं परत मिळवता येईल असं किती? रोज बदलतं का, की एकदा ठेवलं की ठेवलं? घरी लाईटचं कसं आहे? आणि मग म्हणालात, “बाई, तुमचं उत्तर तुम्हीच सांगायलात की. लेकीच्या सासरी एक प्रत पाहिजे.”

कंपनीचं विचारलं तेव्हा तुम्ही बॅकब्लेझ या अमेरिकन कंपनीचे आकडे काढून दाखवलेत. ती कंपनी आपल्याकडच्या हजारो डिस्कचा हिशोब दर तिमाहीला जाहीर करते. वर्षाला शंभरात साधारण एक-दीड डिस्क बंद पडते, आणि त्यासुद्धा थंड खोलीत, अखंड विजेवर चालणाऱ्या. “शंभरातली ती एक आपल्या वाट्याला आली तर तिच्यावरचं नाव बघून काय करायचं?” हा तुमचा सवाल मी आता सगळ्यांना ऐकवते. वॉरंटीत नवी डिस्क मिळते, आतला मजकूर मिळत नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. म्हणून एकाऐवजी दोन डिस्क, त्याही दोन वेगळ्या कंपन्यांच्या, म्हणजे एखाद्या खेपेतच खोट असली तर दोन्ही एकदम जायच्या नाहीत.

लाईटचा प्रश्न का विचारलात ते मला घरी गेल्यावर उमगलं. टेबलावर ठेवायची मोठी साडेतीन इंची डिस्क त्याच पैशात जास्त जागा देते, पण तिला वेगळा अडॅप्टर लागतो. कॉपी चालू असताना लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो आणि डिस्क मात्र मध्येच बंद. अडीच इंची छोटी डिस्क यूएसबीच्या वायरीवरच चालते, लॅपटॉप चालू तर तीही चालू. आमच्या भागात लाईट कधी जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे हा फरक मला पेटीवर छापलेल्या कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा वाटतो. एक टीबीच्या डिस्कवर ९३१ जीबीच दिसतात, ती फसवणूक नव्हे, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने, हेही तुम्ही आधीच सांगून ठेवलंत.

माझा ओढा एसएसडीकडे, म्हणजे चिपांवर मजकूर ठेवणाऱ्या डिस्ककडे होता. आत फिरणारं काही नाही, पडली तरी फारसं बिघडत नाही. रोजच्या कामाला तीच घ्या म्हणालात, पण कपाटात वर्षानुवर्षं ठेवायला नको. तिच्यात मजकूर विजेच्या भारावर टिकतो, तो भार हळूहळू झिरपत जातो आणि उष्णतेत लवकर झिरपतो. लिहिण्याचं आयुष्य संपत आलेल्या घरगुती एसएसडीने वीज नसताना ३० अंशांत एक वर्ष मजकूर धरावा, एवढीच जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेची अपेक्षा आहे. नवी एसएसडी बरीच जास्त टिकते, ते खरं. पण मे महिन्यात आमच्या बंद खोलीतलं कपाटसुद्धा चाळिशीला टेकतं, तिथे मी माझ्या बायांचे आवाज कशाला ठेवू? साध्या डीव्हीडीचंही तसंच, तिच्यातला रंगाचा थर ऊन आणि उष्णता सोसत नाही.

त्याच दुपारी एक ताई दोन टीबीचा पेन ड्राइव्ह घेऊन आल्या होत्या, ऑनलाइन अगदी स्वस्तात घेतलेला. तुम्ही एच-टू-टेस्ट-डब्ल्यू लावलंत. तो प्रोग्राम ड्राइव्ह पूर्ण भरतो आणि भरलेलं परत वाचून बघतो. थोडं भरेपर्यंत सगळं बरोबर, त्यानंतर वाचलेलं जुळेचना. खरी जागा ३२ जीबीची, पुढचं सगळं नुसतं दाखवायला. फायलींची नावं दिसतात, उघडायला गेलं की उघडत नाहीत. “फसवायलेत बाई लोकांना,” तुम्ही म्हणालात. त्या ताईंना हसला नाहीत, परत करायचा अर्ज त्यांच्या मोबाइलवर भरून दिलात. मला तुमची खरी ओळख तिथे पटली.

क्लाउडचं तुम्ही गणितच मांडलंत. गूगलचे फुकटचे १५ जीबी, तेही मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून. माझे ६०० जीबी दहा एमबीपीएसच्या वेगाने चढवायचे तर अखंड साडेपाच दिवस लागतील. शिवाय ड्राइव्हचा फोल्डर कॉम्प्युटरला जोडलेला असला की इथे पुसलेलं तिथेही पुसलं जातं आणि ३० दिवसांनी कचरापेटीतूनही जातं. म्हणून जे पुन्हा कुठेच मिळणार नाही तेवढंच वर ठेवायचं, आणि फोटो मूळ दर्जातच चढवायचे, जागा वाचवणाऱ्या दर्जात नाही. इंचाला सहाशे ठिपक्यांवर स्कॅन केलेला चार बाय सहा इंची फोटो न दाबता ठेवला तर २६ एमबीचा होतो. तो आकार उगाच होत नाही, देवळीतल्या कंदिलाची तडकलेली काच त्या आकारातच दिसते.

आणि ते चौसष्ट अक्षरांचं काम! प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा चौसष्ट अक्षरांचा ठसा, काढून तुम्ही यादी करून दिलीत. फाइलमधला एक ठिपका बदलला तरी ती चौसष्ट अक्षरं पार बदलतात, म्हणून वर्षाने पुन्हा काढून ताडून बघितलं की कुठली फाइल आतून सडली ते कळतं. मग तुम्ही मला दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसवलंत, डिस्कवरून एक फोल्डर काढायला लावलंत आणि ओवी वाजवून दाखवा म्हणालात. दुकानात जात्याची घरघर घुमली, आणि बाहेर मोबाइलला काच बसवून घेणारा पोरगा आत डोकावला. “असं काढून बघितलं नाही तोवर बॅकअप म्हणायचं नाही,” हे तुमचं वाक्य मी डिस्कच्या पिशवीवर चिकटवलंय.

आता एक डिस्क माझ्या कपाटात असते, वायर काढून, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये फायली अडकवून पैसे मागणारा खंडणीवाला व्हायरस शिरला तरी तिच्यापर्यंत पोचणार नाही. दुसरी बहिणीकडे नांदेडला. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, ती शेतावर येते तेव्हा अदलाबदल होते, आणि पुन्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत. भज्जी-आंबिलीच्या गडबडीत डिस्क विसरू नये म्हणून तिच्या नातवाला हे काम नेमून दिलंय, आणि तो ते फार मनावर घेतो.

फोटो देणाऱ्या घरांतली माणसं अजून विचारतात, “बाई, आमचं नीट आहे ना?” पूर्वी मी ‘हो’ म्हणायचे. आता कुठे कुठे आहे ते सांगते.

दादा, हे सगळं तुम्ही दोन डिस्कच्या किमतीत दिलंत, यादीच्या आणि तपासणीच्या कामाचे पैसे घेतलेच नाहीत. या उन्हाळ्यात बहीण आली की दोन्ही डिस्क घेऊन दुकानात येते. त्या खेपेला तपासणीचं बिल करून ठेवा, ते दिल्याशिवाय मी उठणार नाही.

तुमची,
फोटोवाल्या बाई