क्रिकेट म्हणजे ‘पान-खौ’

हाँगकाँग

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

बाबा, इथे क्रिकेटला ‘पान-खौ’ म्हणतात! थोडं घाईत म्हटलं की थेट ‘पान खाऊ’. इथला क्रिकेट क्लब १८५१ सालचा आहे, पण माझ्या ऑफिसातल्या इथल्या पोरांनी बॅट कधी हातात धरलेली नाही.

कँटोनीज या इथल्या भाषेच्या वर्गात सध्या खेळांचे शब्द चाललेत आणि मी चक्क पुढे आहे. या भाषेत त-थ, प-फ, क-ख आपल्यासारखेच वेगळे. पण रोमन लिपीत त साठी ‘डी’ आणि थ साठी ‘टी’ लिहितात, तिथे वर्गातले ब्रिटिश अडखळतात. मी सगळं देवनागरीत उतरवते. ‘ता पो’ म्हणजे हाताने चेंडू खेळणं, ‘थेक पो’ म्हणजे फुटबॉल. हा ‘पो’ इंग्रजी बॉलपासूनच आलेला. त्यांचा च तर हुबेहूब आपल्या चमच्यातला. सूर मात्र सहा. ते काही लिपीत मावत नाहीत, म्हणून शेजारी आकडे घालते.

आपण सगळंच ‘खेळतो’ (पत्ते तेवढे कुटतो). इथे खेळागणिक क्रियापद वेगळं. बॅडमिंटन मारायचं, ड्रॅगन बोट वल्हवायची, बुद्धिबळ पकडायचं. आई, माजोंगसुद्धा मारतात. चौघी बसतात, प्रत्येकीला तेरा सोंगट्या, आणि डाव लागला की ओरडायचं ‘सिक वू’. यातलं ‘सिक’ म्हणजे खाणं. तुझ्या भिशीत हा खेळ सहज रुजेल, आवाज तर तुमचा आहेच.

बाबा, तुमच्यासाठी खरी गोष्ट म्हणजे चिनी बुद्धिबळ. बागेत म्हातारे दिवसभर ते खेळतात आणि बघणारे आगाऊ सल्ले देतात, अगदी आपल्या कट्ट्यासारखं. सोंगट्या घरांत नाही, रेघा जिथे छेदतात तिथे ठेवायच्या. पटाच्या मधोमध नदी, ती हत्तीला ओलांडता येत नाही. तोफ मारते ती मधल्या एका सोंगटीवरून उडी घेऊनच. शह देताना उंच सुरात ‘चेउंग-क्वन’ म्हणायचं. तोच ‘चेउंग’ खालच्या सुरात म्हटला की हत्ती!

एक पट पाठवतेय. सोंगट्यांवर चिनी अक्षरं आहेत, मागे मराठी नावं चिकटवली आहेत. घोड्याची चाल आपल्यासारखीच, फक्त त्याच्या लगतच्या जागी सोंगटी असली की त्या बाजूला तो अडतो. बाकी रविवारी फोनवर सांगते.

तुमची,
ताई