ईएसआय पगारातून कापतात, पण काम गेल्यावर त्यातून पैसे मिळतात हे सांगणार कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

व्हॉट्सअ‍ॅपवर परत तो मेसेज फिरायला लागलाय, 'महाराष्ट्र सरकारचा बेरोजगारी भत्ता, दरमहा ५,००० रुपये, लगेच फॉर्म भरा'. आमच्या सातपूर-अंबड भागात कितीतरी पोरांनी तो भरलाय, काहींनी तर फॉर्म भरून देणाऱ्याला वर पन्नास-शंभर रुपये पण दिलेत. एकदा ठळक छापा की असा सरसकट पाच हजारांचा भत्ता आपल्या राज्यात नाहीये. कर्नाटकात 'युवा निधी' आहे, पदवीवाल्यांना ३,००० आणि डिप्लोमावाल्यांना १,५००, पण ते तिथल्या पोरांना. आपल्याकडे २०२४ ला मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीला १०,०००, पण ते विद्यावेतन आहे, कुठेतरी काम शिकायला गेलात तर मिळणार, आणि वय १८ ते ३५. चाळिशी उलटलेल्या प्रेस ऑपरेटरला घरी बसवलं तर त्याला याचा काय उपयोग?

मी बरीच वर्षं लेबर काँट्रॅक्टरकडे टाइम ऑफिसला होतो, मस्टर, पगारपत्रक, पीएफ-ईएसआयची चलनं सगळं हाताखालून गेलंय, म्हणून हे लिहितोय. ज्याचा पगार २१,००० पर्यंत आहे त्याचा ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, कापतात हे सगळ्यांना माहितीये. १६,००० पगार असेल तर कामगाराचे १२० रुपये जातात आणि मालकाने वरून ५२० भरायचे असतात. पण ईएसआय म्हणजे दवाखाना, औषधं आणि आजारपणाची रजा, एवढंच लोकांच्या डोक्यात. काम सुटल्यावर त्याच ईएसआयमधून रोख पैसे मिळू शकतात हे शंभरातल्या पाच जणांना तरी माहीत असेल का मला शंका आहे.

त्याचं नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. १ जुलै २०१८ ला सुरू झाली, तेव्हा सरासरी पगाराच्या २५ टक्केच मिळायचे, कोरोनात ते ५० टक्के केले आणि नोकरी गेल्यावर ९० दिवस थांबायचं होतं तिथे ३० दिवस केलं. म्हणजे वरच्या १६,००० वाल्याला साधारण महिन्याला आठ हजार, जास्तीत जास्त ९० दिवसांचे, आयुष्यात एकदाच. फार नाहीत, पण भाडं आणि किराणा तरी निघतो ना. मालकाची सही लागत नाही, क्लेम स्वतः ऑनलाइन टाकायचा, आधार आणि बँक खातं नीट जोडलेलं पाहिजे, आणि आधारवरचं नाव ईएसआयच्या नावाशी जुळतंय का ते काम चालू असतानाच बघून ठेवा, नंतर धावपळ होते. योजना मुदतवाढीवर मुदतवाढ घेत चाललीये, त्यामुळे क्लेम टाकायच्या आधी ती चालू आहे का हे ईएसआयच्या शाखा कार्यालयात विचारून घ्यायचं.

खरी गोची अटींमध्ये आहे. दोन वर्षं ईएसआयखाली काम पाहिजे, काम जायच्या आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांचं योगदान, म्हणजे तेवढ्या दिवसांचा ईएसआय भरलेला, पाहिजे आणि त्याआधीच्या तीन सहामाहींपैकी निदान एकीत परत ७८ दिवस. सहामाही म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. आता एमआयडीसीत काय चालतं ते तुम्हाला माहितीच आहे, सहा-सात महिने झाले की 'ब्रेक', मग दुसऱ्या काँट्रॅक्टरच्या नावावर, गेट तेच, मशीन तेच, सुपरवायझर पण तोच. आणि नवीन काँट्रॅक्टर ईएसआयचा जुना इन्शुरन्स नंबर न विचारता नवाच काढून मोकळा होतो, की मागची सगळी वर्षं एका नंबरवर आणि नवीन महिने दुसऱ्यावर. पोरगं म्हणतं मी तर चार वर्षं करतोय, कागदावर दिसतात आठ महिने. म्हणून जुना नंबर जपून ठेवा आणि नवीन ठिकाणी जॉइन होताना तोच द्या.

दुसरी गोष्ट राजीनाम्याची. कामगार कमी करायचे असले की ऑफिसात बोलावून कोऱ्या नाहीतर छापील राजीनाम्यावर सही घेतात, 'सही केली तरच फायनल सेटलमेंट'. एका वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगाराला कपातीत काढायचं तर एक महिन्याची नोटीस आणि दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार द्यावा लागतो, राजीनामा लिहून दिला की ते गेलं. ईएसआयचीच दुसरी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे, २००५ पासूनची, कारखाना बंद पडला किंवा कपात झाली तर पहिले बारा महिने ५० टक्के आणि पुढचे बारा महिने २५ टक्के, पण त्याला पण कपातीचा कागद लागतो, राजीनाम्यावर नाही मिळत. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी मात्र राजीनामा दिला तरी सोडायची नाही. आणि पीएफ काढून 'कंपनीने दिले' म्हणून खूश होणारे बघितलेत मी, अहो ते तुमचेच पैसे आहेत, म्हातारपणाचे.

ज्यांचा पगार २१,००० च्या वर आहे त्यांना मात्र यातलं ईएसआयचं काहीच नाही, हिंजवडीचा इंजिनिअर असो की इथला ज्युनिअर क्वालिटीवाला.

नवीन काम शोधायला महास्वयम् पोर्टलवर नोंदणी फुकट आहे, जिल्ह्याचं कौशल्य विकास व रोजगार केंद्र आहे, म्हणजे जुन्या लोकांचं एम्प्लॉयमेंट ऑफिस, ते रोजगार मेळावे घेतात. जायला हरकत नाही, पण तिथे जास्त करून फ्रेशर आणि ट्रेनी पाहिजे असतात. मोठ्या कंपन्यांनी रिकाम्या जागा या ऑफिसला कळवायच्या हा नियम १९५९ च्या कायद्यापासूनचा आहे, प्रत्यक्षात भरती गेटवरच्या काँट्रॅक्टरच्या वहीतून होते.

तर विनंती एवढीच की आठवड्यातून एकदा तुमच्या पानावर याची एक चौकट छापा, अटी, कागदपत्रं, शाखा कार्यालयाचा पत्ता. आणि कामगार खात्याने प्रत्येक काँट्रॅक्टरला मस्टरशेजारी मराठीत एक कागद चिकटवायला लावावा, त्यात सगळ्यात वर 'राजीनाम्यावर सही करायच्या आधी हे वाचा' एवढं मोठ्या अक्षरात असू दे.

– एक वाचक, सातपूर, नाशिक