यादी मागितलीस म्हणून

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

"बाबा, तुमची आवडती गाणी पाठवा, गाडीत लावायला" हा तुझा मेसेज येऊन आठवडा झाला. वहीचं पान घेऊन बसलो, नऊ गाणी लिहिली, त्यातली चार खोडली. मग लक्षात आलं की यातलं एकही गाणं मी पहिल्यांदा धड सलग ऐकलेलं नाही. कुठे खरखर, कुठे वीज गेलेली, कुठे आजीची जेवायला हाक. आता मोबाईलवर अख्खं गाणं लावलं की मधलंच एखादं कडवं परकं वाटतं. हे कुठून आलं, असं होतं.

आमच्याकडे रेडिओ नव्हता. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची. ती ऐकायला मी शेजारच्या काकूंच्या खिडकीखाली, पाण्याच्या टाकीवर बसायचो. शॉर्टवेव्हचा आवाज एका जागी थांबायचा नाही. कानाशी यायचा आणि मग थेट विहिरीच्या तळाशी जायचा. अमीन सयानींचं 'बहनों और भाइयों' स्पष्ट यायचं आणि वरच्या पायदानाचं, म्हणजे वरच्या क्रमांकाचं, गाणं नेमकं वाहून जायचं. त्यातून राहिलंच, तर काकूंची निजायची वेळ. नऊला पाच कमी असताना खट्. दुसऱ्या दिवशी शाळेत 'पहिलं कुठलं लागलं' यावर चर्चा चालायची. मी दर गुरुवारी ठोकून द्यायचो. कधी कधी बरोबरही निघायचं.

शाळेची वाट सतारमेकर गल्लीतून. तुला लहानपणी नेलं होतं तिथे, तू भोपळे मोजत बसली होतीस. तिथे गाणं ऐकू यायचं नाही, एकच तार ऐकू यायची. तंबोऱ्याची जवारी काढत, म्हणजे तार घुमावी म्हणून तिच्याखालची घोडी जमवत असायचे. घोडी घासायची, तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, छेडायची, मान हलवायची, पुन्हा घासायची. दोरा केसभर पुढेमागे झाला की तोच बद्द आवाज एकदम उघडायचा, खोलीभर व्हायचा. मी दप्तर घेऊन उंबऱ्याशी उभा. किती वेळा पहिला तास बुडाला असेल. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेपरातली बातमी कापून ठेवली, हे तुझ्या आईला अजून हसू येण्यासारखं वाटतं.

उरुसात दर्ग्याला गायन असायचं. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच राहिले, 1937 मध्ये गेले, त्यांच्या आठवणीत कलाकार येऊन गातात. मी जायचो ते खरं तर आप्पांबरोबर जागायला मिळतं म्हणून. एखादी तान कानावर यायची आणि मी आप्पांच्या मांडीवर झोपलेला असायचो. खाँसाहेबांची 'पिया बिन नाही आवत चैन' पुढे रेकॉर्डवर ऐकली. जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीनेक मिनिटंच मावायची, म्हणून ठुमरी तेवढ्यात आवरलेली. पण तेवढ्यावर भीमसेन जोशी लहानपणी वेडे झाले आणि 1933 मध्ये, अकराव्या वर्षी, गाणं शिकायला घर सोडून निघाले. ही ठुमरी यादीत पहिली लिहितोय. गाडीत लावू नकोस, इंजिनाच्या आवाजात काही कळायचं नाही.

'झिंगाट' पण लिहिलंय, हसू नकोस. 2016, दादाच्या हळदीला तू हाताला धरून ओढलंस, मी दोनदा उड्या मारल्या आणि जनरेटर बंद पडला. तेवढंच माझं.

आता पाचवं. 'दिल है छोटा सा', 'रोजा'मधलं. चित्रपट 1992 चा, रहमानचा पहिला. नोकरी नवीन होती, पहिल्या पगारातून टेप घेतला होता. मित्राकडे कॅसेट होती. मला भरून घ्यायची होती, पण कोरी कॅसेट संपलेली. फडताळात एक साठ मिनिटांची सापडली, वर काही लिहिलेलं नव्हतं. कॅसेटच्या पाठीला दोन प्लास्टिकचे कान असतात. ते तोडले की तिच्यावर पुन्हा भरता येत नाही. हिचे कान शाबूत होते. मी भरून घेतलं.

त्या कॅसेटमध्ये आजीच्या ओव्या होत्या. आदल्या दिवाळीला आत्या आली होती, तिने हौसेने भरल्या होत्या. डाळ भरडायचं जातं मध्ये ठेवून आजी बसली होती, कारण जात्याशिवाय तिला सुचायचंच नाही. दळण गिरणीत जायला लागून वीस वर्षं झाली होती तरी.

आत्याने मला फैलावर घेतलं. आजी म्हणाली, "जाऊ दे गं. परत म्हणीन की. गाणं बरं आहे, राहू दे." आणि चार दिवस तीच चाल गुणगुणत होती, शब्द स्वतःचे घालून. परत म्हणायचं मात्र राहिलं. आधी आत्या आली नाही, मग टेप बिघडला, मग 1998.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या आहेत. त्या 'पारी'च्या, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या, साईटवर ऐकायला मिळतात. गेल्या पावसाळ्यात मी रोज रात्री थोड्या ऐकत होतो. भाऊराया आहे, माहेर आहे, पंढरीची वाट आहे. शब्द आजीचेच म्हणावेत इतके जवळचे. पण ओळ संपताना ती 'गं'वर जरा टेकायची, दम खायची, तेवढ्यात जात्याची घरघर पुढे यायची. ते नाही सापडलं.

दुसऱ्या बाजूला गाणं संपतं तिथे मी बटण दाबलं होतं आणि पट्टी थोडी उरली होती. त्यात अर्धी ओवी आहे. सुरुवात नाही, नुसता शेवट, मग घरघर, मग आत्याचं "आई, थांब, बघू आलंय का."

ही कॅसेट पाठवत नाही, दिवाळीला आलीस की ऐक. टेपचा पट्टा सैल झालाय, त्यामुळे आजीचा आवाज जाडा येतो, आप्पाच बोलतायत असं वाटतं. स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याला दाखवला. असला पट्टा आता मिळत नाही म्हणाला, पण जुन्या टेपमधला काढून बघतो, गुरुवारी या.

तुझा,
बाबा